गिरणीटोल्यातली दक्षिणेची दारं

गिरणीटोल्यातल्या घरांची पुढची दारं उघडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. तीही पाहिली नसती तर बरं झालं असतं.

परवा नातीबरोबर कचारगडला निघाले होते. गुहा चढायचं माझं वय राहिलेलं नाही, पण तिला बघायच्या होत्या आणि मला गाडीत बसून खिडकीबाहेर बघायला आवडतं. आमगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या सुरू झाल्या. एका वळणानंतर झाडांच्या वर ती चिमणी दिसली. आता अर्धीच उरली आहे. मी म्हटलं, "थांबव जरा." नात म्हणाली, "इथे काय आहे आजी?" इथे तुझ्या आजोबांनी एक गाव काढलं होतं, मी म्हणाले. तिला वाटलं म्हातारी शब्द चुकली. चुकले नव्हते. यांनी ते गाव आधी कागदावरच काढलं होतं. जमिनीवर ते नंतर आलं.

गाडीतून उतरले आणि मला वास आला. गिरणी बंद पडून कित्येक वर्षं झाली, वास यायचं काहीएक कारण नाही, हे मलाही कळतं. पण आला. चुन्यात भिजलेल्या, कुजत पडलेल्या तणसाचा वास. धान झोडपून झालं की उरतं ते तणीस. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, मोठ्या गोल बॉयलरात शिजवायचं, दळायचं आणि त्याचे ओले पुठ्ठे मैदानभर उन्हात वाळत घालायचे, असं त्या गिरणीचं काम होतं. गिरणी सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी त्या वासाने मला उलटी झाली होती. महिन्याभराने तो वास येईनासा झाला, आणि माहेरी नागपूरला गेले की आई म्हणायची, तुझ्या लुगड्याला कसला गं हा वास? मला काही कळायचं नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आमच्या ह्यांनी दोन्ही एकाच वर्षी करून पाहिलं. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला काहीतरी नवं उभारायचं होतं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, मध्य प्रदेशाची राजधानी आमचं नागपूर होती. कंपनीने यांना बोलावून सांगितलं, गिरणीचं आम्ही बघतो, तुम्ही आम्हाला गाव द्या. हे तिशीच्या आतले, मुंबईला शिकून आलेले. कोणी पूर्ण गावच मागतंय म्हटल्यावर यांना झोप येईना. मी एकोणीस वर्षांची, तोंडाळ म्हणून सासरी आधीच नावारूपाला आलेली. आमगाव स्टेशनावर उतरलो, बैलांच्या दमणीत बसलो, आणि संध्याकाळी मला माझा संसार दिसला. एक तंबू, एक कंदील, आणि मोकळ्या रानात दूरवर ठोकलेल्या खुंट्या. खुंट्यांना चुन्याच्या दोऱ्या ताणलेल्या. हे मला हात धरून त्या दोऱ्यांमधून फिरवत होते. "इथे शाळा. इथे दवाखाना. हा मोठा रस्ता. इथे दुतर्फा गुलमोहर." मी विचारलं, "आणि आपलं स्वयंपाकघर?" हे हसले. त्या दिवसांत हे फार हसत.

नकाशे तंबूबाहेर तयार होत. काचेखाली कागद ठेवून उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा; पाण्यात निळा रंग चढत जायचा आणि पांढऱ्या रेघा उमटायच्या. मग ते ओले नकाशे दोरीवर, माझ्या लुगड्यांशेजारी, चिमट्यांनी अडकवायचे. वाऱ्याने गाव फडफडायचं. दोन्ही वाळत घालायचं काम माझंच होतं, म्हणून तो नकाशा मला पाठ होता. घरांच्या चार लायनी. प्रत्येक लायनीपुढे रुंद रस्ता. मागे एक अरुंद गल्ली, झाडूवाल्याची हातगाडी जाण्यापुरती, आणि गल्लीच्या पलीकडे उंच भिंत. गल्ली पश्चिमेला उघडी. पूर्वेला बांध्या होत्या, तिथून गुरं आत शिरू नयेत म्हणून तिकडचं टोक आडव्या भिंतीने बंद केलेलं. पश्चिमेला रेल्वेची सायडिंग आणि तणसाचं आवार. दक्षिणेला गिरणी आणि मॅनेजरचा बंगला.

सगळ्या घरांची दारं दक्षिणेला. कंपनीला ते आवडलं, कारण गिरणीच्या वरच्या मजल्यावरून एकेक दार दिसत होतं; कोण निघालं, कोण झोपलंय, सगळं कळायचं. यांचं कारण वेगळं होतं. यांचा धाकटा भाऊ नागपुरात, महाल भागातल्या एका अंधाऱ्या खोलीत क्षयाने गेला होता. हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडून घरात शिरतं, ते प्रत्येक घरात दुपारपर्यंत राहिलं पाहिजे, मजुराच्या घरातसुद्धा, असा यांचा हट्ट होता. बांधकामही तसंच. चुना घाण्यावर नीट दळला नाही तर गवंड्याला परत दळायला लावत. बोटाने सांधा उकरून बघत. गवंडी मागून म्हणत, साहेब लायनी बांधून राहिला का किल्ला? मला ऐकू यायचं आणि मी यांना ते सांगून चिडवत असे.

दसऱ्याला माणसं राहायला आली. आजूबाजूच्या गावांतली, आमगावकडची, सालेकशाकडची, बैलगाड्यांतून पाटे-वरवंटे, कोंबड्या आणि म्हाताऱ्या घेऊन. आम्हीही तंबूतून आमच्या छोट्या बंगल्यात गेलो. तो चौथ्या लायनीच्या पूर्व टोकाला होता. गल्ली बंद करणारी ती आडवी भिंत हीच आमच्या परसाची भिंत. दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून एक लाल कोंबडी माझ्या अंगणात उडाली आणि थोड्या वेळाने लांबून वळसा घालून एक पोरसवदा बाई धापा टाकत आली.

"बाई, माही कोंबडी इकडे आली का जी?"

ती देवका. पोवारांतली, माझ्याच वयाची, बॉयलरवरच्या रामाजीची बायको. चौथ्या लायनीत राहणारे सगळे त्याचीच भाऊकी होते. मी तिला म्हटलं, एवढा वळसा कशाला घातलास, पुढच्या दाराने मोठ्या रस्त्याने आली असतीस तर लवकर पोचली असतीस. ती कोंबडी काखेत धरून माझ्याकडे बघत राहिली.

"त्या दरोज्यातून कायले येऊ? थे यमाचं तोंड होय. मेलेला मानूस जाते तिकडून. जित्तानं कायले जाव?"

आठवड्याभरात गाव पाठमोरं झालं. असं काही होईल हे यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. चारही लायनींची पुढची दारं आतून अडसर घालून बंद झाली. यमाला दार दिसू नये म्हणून पुढच्या ओट्यांवर लाकडं रचली, गोवऱ्या रचल्या, चुलीसाठी तणसाचे भारे टेकवले, पार चौकटीच्या वरपर्यंत. ज्या खोलीत दुपारपर्यंत ऊन यायचं होतं ती गावातली सगळ्यांत अंधारी खोली झाली. तिथे धान साठवायचं, आणि बाळंतिणीला ठेवायचं, कारण तिथे वारा लागत नाही. आणि मागचं दार, झाडूवाल्यासाठी ठेवलेलं, ते घराचं खरं दार झालं. त्याला तोरण लागलं. त्याच्यापुढे सडा पडला.

हे संतापले. हुकूम काढून ओटे मोकळे करवले. माणसांनी मुकाट्याने मोकळे केले. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर मुकाट्याने पुन्हा रचले. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा हे मॅनेजरकडे गेले. मॅनेजर जबलपूरकडचा, पान खाऊन सावकाश बोलणारा माणूस. "रहने दो भाई. दरवाज़ा आगे का हो या पीछे का, आदमी भोंगे पर आता है ना? बस." घरी येऊन हे मला म्हणाले, "निदान एकाने तरी आधी सांगायचं." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं का?" लागेल असं बोलायची मला सवयच होती. हे जेवले नाहीत.

मला मात्र त्या गल्ल्या आवडायला लागल्या. खोटं कशाला बोलू? मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला नुसती उंच भिंत, दुसऱ्या बाजूला बंद दारं, सरपणाचे ढीग आणि काठीएवढे गुलमोहर. एखादं कुत्रं. दुपारी त्या रस्त्यावरून एकटीने जायला मला भीती वाटायची, मरी येऊन गेल्यावर गाव असंच दिसत असेल असं वाटायचं. आणि वळून गल्लीत शिरलं की अंगाला अंग लागेल इतकी माणसं. चुली बाहेर. लाखोरीच्या डाळीला आलेली उकळी, जवसाची चटणी, ओल्या सारवणाचा वास, कोणाची तरी वेणी, कोणाचं तरी भांडण. कंपनीने गाव दिलं होतं पण देव दिला नव्हता. यांच्या नकाशात शाळा होती, दवाखाना होता, देवळाची खूणही नव्हती. मग प्रत्येक गल्लीने आपापल्या बंद टोकाशी, त्या आडव्या भिंतीच्या पायाशी, गावाकडून आणलेले दगड मांडले. शेंदूर लावला. भिंतीलाही बोटं ओढली. चौथ्या गल्लीतला देव म्हणजे माझ्या परसाच्या भिंतीची दुसरी बाजू. सकाळी मी इकडे भांडी घासत असे आणि तिकडे देवका दिवा लावत असे.

"बाई, का करून राहिल्या?"

"भांडी. तू?"

"देवाले उठवून राहिली."

दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांत मंडया, म्हणजे तिकडच्या जत्रा, भरल्या. देवकाने मला एका मंडईला नेलं. दंडारीचा खेळ पाहिला, ढोलकीवर रात्र जागवली, आणि पुरुषांनी बायकांची सोंगं घेतलेली पाहून इतकी हसले की पोट दुखायला लागलं. परतीच्या वाटेवर, पहाटेच्या थंडीत, तिने मला सांगितलं की तिला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. मला अजून गेले नव्हते. मला तिचा हेवा वाटला आणि आनंदही झाला. दोन्ही खरं होतं.

मग तणसाच्या गाड्या यायला लागल्या. मळणी संपली होती. दिवसभर बैलगाड्यांची रांग, सायडिंगला मालडबे. पश्चिमेच्या आवारात तणसाचे ढीग चढायला लागले. आधी घराएवढे, मग घराहून उंच, मग इतके की संध्याकाळचं ऊन लायनींवर पडेनासं झालं. पिवळी कुसळं सगळीकडे उडायची. ताटात, केसांत, पाण्याच्या घागरीत, यांच्या शाईच्या दौतीत. रात्री पांघरूण झटकलं की खाली पडायची. हवा जसजशी कोरडी होत गेली तसा तणसाचा एक बारीक आवाज यायला लागला, कुणी सतत कागद चुरगाळत असल्यासारखा. भोंग्यांच्या मधल्या वेळात तो ऐकू यायचा. मी यांना विचारलं, तुम्हाला ऐकू येतो का? हे म्हणाले, "वारा आहे."

माघात तिसऱ्या लायनीतला एक म्हातारा मेला. मी पहिल्यांदा तिथे पुढचं दार उघडताना पाहिलं. मढं दक्षिणेच्याच दारातून न्यायचं होतं. चार माणसं ओट्यावरची लाकडं काढायला लागली. लाकडं, मग गोवऱ्या, मग तणसाचे भारे, मग पुन्हा लाकडं. अडसर फुगून बसलेला. आतून कुणी ठोकतंय, बाहेरून कुणी ओढतंय. बायका रडून दमल्या, गप्प झाल्या, पुन्हा रडायला लागल्या. ऊन डोक्यावर आलं. हे माझ्याशेजारी उभे होते. आधी यांच्या तोंडावर थोडा उपहास होता, बघा, शेवटी माझंच दार कामी आलं, असा. मग तो उतरला. हे त्या दाराकडे बघेनासे झाले. मान वळवून पश्चिमेच्या ढिगांकडे बघितलं, मग गल्लीच्या अरुंद तोंडाकडे, मग पुन्हा दाराकडे. दार शेवटी उघडलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. यांनी सोडला नाही.

संध्याकाळी हे अंगणात बसून राहिले. मी दिवा आणला तर म्हणाले, "नको." मग आपणहून बोलले. "त्या ढिगांना काही झालं तर वारा सगळं लायनींवर आणेल. पुढची दारं उघडायला अर्धा दिवस लागतो. गल्लीचं तोंड ढिगांच्याच बाजूला. माणसं जातील कुठे?"  मला गल्लीतल्या चुली दिसत होत्या. "दारं ते उघडणार नाहीत," हे म्हणाले, "आणि आता मी सांगणारही नाही. पण पूर्वेच्या भिंती पाडता येतील. गल्ली आरपार झाली की झालं."

मॅनेजर म्हणाला, हंगाम चालू आहे, माणूस देणार नाही, तुम्हीच बघून घ्या. हे त्याच्याशी भांडत बसले नाहीत. पाळी सुटल्यावर लायनीतलीच माणसं गोळा केली, स्वतः पहार घेतली. पण आधी हे प्रत्येक गल्लीत गेले. जमिनीवर बसले. म्हणाले, तुमचा देव या भिंतीशी आहे, भिंत पाडायची आहे, तुम्ही सांगाल तसं करू. हे असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. पहिल्या गल्लीने कोंबडा कापला, दगड उचलून बाजूला मांडले, भिंत पडली. दुसरीची पडली. तिसरीची होळीच्या आदल्या दिवशी पडली. भिंती चिवट होत्या. एकेकीला दोन-दोन संध्याकाळ लागल्या. पाडणारे थट्टेने म्हणत, साहेब, इतकी मजबूत कायले बांधली?

चौथीचं होळीनंतर ठरलं होतं. होळीनंतर देवका बाळंत झाली. मुलगी झाली. आणि रामाजी यांच्याकडे आला, दारातच उभा राहिला.

"साहेब, आमाले सोयर आहे. लेकरू झालं. साऱ्या भाऊकीले विटाळ आहे, देवाले हात लावता येत नाई. बारसं होऊ द्या, मंग आमीच पाडून देतो भीत."

हे क्षणभर थांबले. मला अजून तो क्षण दिसतो. यांची पहार दाराशी टेकवलेली होती. मग हे म्हणाले, "बरं. बारसं होऊ द्या." रामाजी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "इतके दिवस राहिली, आणखी थोडे. एकदा न विचारता केलं, आता विचारून करू." मी म्हटलं, बरोबर आहे. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

चैत्र लागला. पळस झडले. मोहाची फुलं गळायला लागली आणि सगळ्या रानात लोकांनी मोहाखालचा पाचोळा जाळायला सुरुवात केली, म्हणजे स्वच्छ जमिनीवरून फुलं वेचता येतात. दिवसभर चहूकडून धुराचे पट्टे उठत. हवेला सतत करपल्याचा आणि मोहाच्या गोडसर दारूचा वास. धुराचं कुणाला काही वाटेनासं झालं. मी रोज सकाळी भिंतीशी जाऊन हाक मारायची, पण देवका पुढच्या अंधाऱ्या खोलीत होती, तिच्यापर्यंत आवाज जात नसे. तिची जाऊ उत्तर द्यायची. "बेस आहे जी. लेकरू लय रडते." बारशाला न्यायला मी एक झबलं शिवत होते. पाठीमागे बंद लावायचे राहिले होते.

त्या दुपारी भोंगा वाजला तो थांबलाच नाही. मी बाहेर आले तेव्हा पश्चिमेला आकाश नव्हतं. ढीग कसे पेटले ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांनी वेगवेगळं सांगितलं. वारा इकडचाच होता. पेटलेलं तणीस हवेतून येत होतं, मूठ-मूठ, सावकाश, आणि ओट्यांवर उतरत होतं. आधी सरपण पेटलं. मी चारही लायनींची पुढची बाजू एकामागून एक उजळताना पाहिली. तीन गल्ल्यांमधून माणसं आमच्या बाजूला बाहेर पडायला लागली, पोरं, गाठोडी, बकऱ्या, सगळं बांध्यांमधून धावत. आमच्या भिंतीपलीकडे मात्र नुसता आवाज होता.

हे पहार घेऊन भिंतीला भिडले होते. बाकीचे धावून आले, मिळेल ते घेऊन ठोकायला लागले. तिकडून आतली माणसंही ठोकत होती. काही पुरुष उंच भिंतीवर चढून उड्या टाकत होते, वरून पोरं खाली सोडत होते. यांनी दळून घेतलेला चुना होता तो. यांनी बोटाने उकरून तपासलेला एकेक सांधा. हे रडत होते आणि ठोकत होते आणि मोठ्याने शिव्या देत होते, मी यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या. भिंत फुटली तेव्हा देवाच्या दगडांवरूनच माणसं बाहेर आली. मी भोकाशी उभी होते. येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड मी बघत होते. देवकाची जाऊ आली, तिचे कपडे पेटले होते, मी तिच्यावर घागर ओतली. मी विचारलं, देवका? तिने मागे जळत्या घराकडे हात केला. पुढच्या खोलीचं छप्पर सगळ्यांत आधी बसलं होतं. दार होतं तिथे. ते उघडण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळी पुढची दारं उघडी होती. चौकटी जळून गेल्या होत्या, आणि चारही लायनींत ऊन आत, पार मागच्या भिंतीपर्यंत पोचत होतं. हे मधल्या रस्त्यावर उभे राहून ते बघत होते. मी यांना हाताला धरून घरी आणलं.

गेलेल्यांत चौथ्या लायनीतले आणखीही काही होते, पण मी देवकाचंच धरून बसले. आम्ही गाव सोडलं त्या सकाळी रामाजी आला. अंगावर पांढरं, डोकं भादरलेलं. दमणीत बसलेल्या यांच्या मांडीवर त्याने चिन्नोर तांदळाची पिशवी ठेवली.

"साहेब, तुमी आमच्या देवाले मानलं. आमच्यासाठी थांबले. असा साहेब आमी पायला नाई."

बाकीची भाऊकी मागे उभी होती. कोणी वाईट बोललं नाही. कोणी नजरही चुकवली नाही. त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या असत्या, दगड मारले असते, तर कदाचित आम्ही तिथे राहिलो असतो. हे पिशवी मांडीवर धरून आमगावपर्यंत गेले, गाडीत बसले, नागपूर येईपर्यंत पिशवी खाली ठेवली नाही. मी तो तांदूळ शिजवला. घरभर सुगंध सुटला. हे पूर्ण ताट जेवले, हात धुतला, आणि म्हणाले, "दुसऱ्या वेळी विचारायला नको होतं." पुढे यांनी खूप घरं बांधली, मुलं झाली, नातवंडं पाहिली. या विषयावर आमचं त्यानंतर बोलणं झालं नाही. हे गेले तेव्हा यांना कोणत्या दारातून नेलं हे मला सांगता येणार नाही, मी बघितलं नाही.

परवा मी आणि नात त्या रस्त्याने चालत गेलो. पहिली दुसरी लायन पडून गेली आहे. चौथीत तीन-चार बिऱ्हाडं आहेत. पुढे पत्रे ठोकलेले, राहणं मागच्या बाजूनेच. पूर्वेच्या टोकाला भिंतीचं खिंडार तसंच आहे, आणि खिंडारात छोटं देऊळ, फरशी लावलेलं. एक चाळिशीतली बाई तिथे झाडत होती. मी म्हटलं, हे गाव माझ्या नवऱ्याने बांधलं. तिने झाडू खाली टाकला आणि पदर डोक्यावर घेतला.

"तुमी नकाशेवाल्या साहेबाच्या बाई? या जी, बसा. थे साहेब लय मोठे. आमच्या देवासाठी थांबले होते म्हनतेत, मंग देवानंच भीत फोडून सारे मानसं बाहेर काढलन. आमी दर चैताले त्यायच्या नावानं नारळ फोडतो."

नात माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत आजोबांचं कौतुक होतं. मी देवळाच्या ओट्याला हात टेकला. 

"सारे नाही," मी म्हणाले. "देवका राहिली. तिची मुलगी राहिली."

बाईने आठवून बघितलं. घराकडे वळून कुणा म्हाताऱ्याला हाक मारून विचारलं. तो नाही म्हणाला. मग तिने खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून, अगदी मायेनं, मला विचारलं, "देवका कोन होय जी?"

मी नातीला म्हटलं, गुहा आज राहू दे. आणि त्या दोघींना समोर बसवून मी सांगायला लागले.